गळ्यात अडकवायचं मशीन

५ नोव्हेंबर, मंगळवार

बोट माझी. माझ्या बापानं मला दिलेली, कागदावर नाव माझं. आणि तिच्यासाठी मशीन घ्यायचं ठरलं हे मला भाजी चिरताना कळतं! तेही सुनेकडून. ती म्हणाली, आई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मला कसं माहीत असेल? मी काय भिंतीला कान लावून बसते? लावते कधीकधी. पण या वेळी काही ऐकू आलं नव्हतं.

मशीन म्हणजे जीपीएस. हातात मावतं म्हणे, आणि आपण पाण्यात नक्की कुठे आहोत ते सांगतं. मुलाला हवंय. कारण चिमणी.

बर्फाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, त्याची चिमणी तेवढी उभी आहे. आमच्या धक्क्यासमोर पाण्यात खडकांची रांग. त्या रांगेत एकच फट, आमची बोट जाईल एवढी. भरतीला खडक दिसत नाहीत आणि फटही दिसत नाही. म्हणून बाहेरून येताना चिमणीकडे बघायचं. तिच्यामागे टेकडीवर पाण्याची टाकी आहे. दोन्ही वेगवेगळ्या दिसताहेत तोवर थांबायचं. टाकी चिमणीमागे दडली की सरळ आत. माझा बाप असाच यायचा. त्यानंच म्हाताऱ्याला, माझ्या नवऱ्याला, शिकवलं.

लग्नाआधी बापाबरोबर मीही जायचे बोटीत. लग्न झालं आणि बोट म्हाताऱ्याच्या हातात गेली, माझ्या हातात मासे साफ करायची सुरी आली.

तर या वीस तारखेला चिमणी पाडणार. कारखान्याच्या भिंतीवर तसा कागद चिकटवलाय. चिकटवणाऱ्याला मी विचारलं, मग आम्ही आत कसं यायचं? तो म्हणाला, आजी, मी फक्त चिकटवतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना विषय निघाला. मुलगा समजावत होता, म्हातारा माशाचे काटे काढत होता. एक एक काटा काढून ताटाच्या कडेला नीट लावतो, जसे काही परत बसवायचे आहेत.

मुलाचं म्हणणं सरळ आहे. बाकीच्या बोटी कधीच पलीकडच्या नव्या बंदरात गेल्या, तिकडे पाणी खोल आहे, दिवे आहेत. म्हातारा तिकडे जाणार नाही, तिथे त्याला रांगेत उभं राहावं लागतं. या धक्क्यावर आता खडकांच्या बाहेर जाणारी आमची एकच बोट. बाकी दोघेतिघे आतल्या आतच जाळं टाकतात आणि त्यालाच समुद्र म्हणतात. म्हणजे फट कुठे आहे हे विचारायचं तरी कोणाला? चिमणी गेली की संपलं. म्हणून चिमणी आहे तोवर मशीन घ्यायचं, फटीत जायचं, आणि त्या जागेची खूण मशीनमध्ये करून ठेवायची.

म्हातारा सगळं ऐकून म्हणाला, मला मशीन नको, पाणी मला ओळखतं.

मी म्हटलं, "तुमच्या भावालाही ओळखत होतं."

भाऊ याच पाण्यात गेला. मासा बरा झाला होता.

७ नोव्हेंबर, गुरुवार

म्हातारा म्हणाला, बघायला जाऊ. घ्यायला नाही, बघायला.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात गेलो. म्हातारा, मुलगा, सून आणि मी. नात शेजारणीकडे ठेवली. मला नेणार नव्हते. मी चपला घालून दारात उभी राहिले, मग काय करतील?

दुकान थंडगार. दुकानदार पोरगेलासा, शर्टाला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. त्यानं मुलाला खुर्ची दिली, म्हाताऱ्याला पाणी दिलं, आणि मला हसून दाखवलं. म्हटलं ठीक आहे, लक्षात ठेवते.

तीन मशीन काढली.

पहिलं सगळं काचेचं. बोटानं सरकवायचं, रंगीत नकाशा, निळं पाणी, हिरवी जमीन. मुलानं हातात घेतलं ते सोडेना. मी दुकानदाराला म्हटलं, ते पाण्याचं भांडं द्या इकडे. त्याला वाटलं मला तहान लागली. मी हात बुडवला आणि ओल्या बोटानं काच दाबली. नकाशा एकदा इकडे पळाला, एकदा तिकडे, मग मशीन मलाच विचारायला लागलं, भाषा कोणती हवी! बोटीत कोरडा हात कोणाचा असतो? दुकानदार म्हणाला, रुमालाला पुसून घ्यायचा. मी म्हटलं, आमच्या बोटीत रुमालसुद्धा ओला असतो.

दुसरं बोटीला स्क्रूनं ठोकायचं. पडदा मोठा. पाण्याचा तळ दाखवतं आणि खाली फिरणारे मासेही दाखवतं. म्हातारा दाराशी उभा होता, तिथूनच पहिल्यांदा बोलला. "दाखवतं म्हणजे पकडून देतं का?" दुकानदार हसला. म्हातारा हसला नाही. त्या मशीनला मोटारीची बॅटरी लागते, तारा लागतात, वर छप्पर लागतं. आमच्या बोटीवर छप्पर नाही, आहे ते आभाळ. शिवाय बोट धक्क्यावर उघडीच असते. मागे कोणीतरी आमची बादली नेली, दोरीसकट, आणि जाताना आमचीच गाठ सोडून दोरी नीट गुंडाळून नेली. बादली नेणारे मशीन ठेवतील?

तिसरं ठेंगणं. जाड, पिवळ्या रबराचं, बटणांचं. बटणं अशी की हातमोज्यातूनही कळावीत. गळ्यात अडकवायला दोरी. साधे सेल घालायचे, कोपऱ्यावर मिळतात ते. येताना काढून घरी आणायचं. पाण्यात पडलं तर तरंगतं, असं दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, बादली आणा.

तो म्हणाला, आजी, कंपनीनं लिहून दिलंय.

मी म्हटलं, कंपनी येणार आहे का बोटीत?

सुनेनं माझी बाही ओढली. पण बादली आली. फरशी पुसायची होती, चालेल. मशीन टाकलं. आधी बुडी मारली, मग वर आलं, उताणं होऊन, मेलेल्या माशासारखं. पण तरंगलं. आणि आतला दिवा चालूच.

मग म्हातारा पुढे आला. म्हणाला, आता दाखव आपण कुठे आहोत. दाखवेना. दुकानदार म्हणाला, वर छप्पर आहे ना काका, याला उघडं आभाळ लागतं. म्हणजे घरात आंधळं आणि बाहेर शहाणं. तसले दोन आहेत माझ्याकडे आधीच.

मला वाटलं मुलगा काचेचंच घेणार. चकचकीत दिसलं की हा लहानपणापासून विरघळतो. पण यानं पिवळं उचललं. विचारलं, अक्षर आणखी मोठं होतं का? आवाज वाढतो का? अंगठा जाड असला तर बटण चुकतं का?

त्याचा अंगठा जाड नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

मागच्या अंगणात शिकवणी. कपड्यांच्या दोरीखाली, कारण वर उघडं तिथेच आहे. नातीनं खोका पळवला आणि त्यात बाहुली निजवली.

मुलानं सगळ्यांना शिकवलं. मधलं बटण दाबून धरायचं, की आपण उभे आहोत तिथली खूण मशीन घेतं. मग विचारतं, ठेवू का? होय म्हटलं तर ठेवतं, नाही म्हटलं तर विसरतं. पुढे कुठूनही ती खूण काढली की बाण येतो, इकडे चला. पहिली खूण तिथेच केली, दोरीखाली. नाव दिलं 'घर'. मग आम्ही एकेकजण कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बाण बघत परत आलो. शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिला वाटलं आम्हाला घर सापडत नाही. विचारते, यात हरवलेलं माणूस सापडतं का? तिचा नवरा कुठे असतो ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्याला कशाला मशीन?

म्हाताऱ्याला मुलानं पुन्हा पुन्हा शिकवलं. एकदाही चिडला नाही. हा पोरगा, जो बापाकडे मीठ मागताना कपाळाला आठी घालतो! आज 'बाबा, घाई नाही, सावकाश.' म्हातारा मशीनकडे बघतच नव्हता. मुलाच्या तोंडाकडे बघत होता.

मलाही शिकवलं. मी चौथीपर्यंत. एका फटक्यात आलं. सून म्हणाली, आई, किती हुशार आहात. म्हटलं, हुशार असते तर या घरात आले असते?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगा पुढे धक्क्यावर गेला, मशीन बाबा आणतील म्हणून. मशीन आणि टोपी एकाच खिळ्याला होती. म्हाताऱ्यानं टोपी घेतली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आता मुलगाच मशीन गळ्यात घालून जातो. तरी खूण झालेली नाही. सांगत होता, फट जवळ आली की बाबांना काहीतरी आठवतं. पाणी उपस. दोरी आवर. पुढे जाऊन जाळ्याचं टोक बघ. हा हातातलं सोडून मशीन धरतो तोवर बोट आत आलेली. आणि अंदाजानं बटण दाबून चालत नाही, फटीचं तोंड नक्की कुठे ते म्हाताऱ्यानंच 'आता' म्हणून सांगायला हवं. तो सांगत नाही.

कारखान्याभोवती पत्रे लावलेत. चिमणीला खालून भोकं पाडताहेत. धक्क्यावर मासे निवडताना घण ऐकू येतो.

म्हाताऱ्याला म्हटलं, एक 'आता' म्हणायला एवढं काय जातं तुमचं? म्हणाला, तुझं काय जातं? असं म्हणाला की समजावं, याला कारण आहे आणि ते तो सांगणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दोघे थोडक्यात वाचले.

गेले तेव्हा स्वच्छ होतं. परतताना धुकं. धुकं असलं की आपली जुनी रीत एकच, खडकांच्या बाहेर नांगर टाकायचा आणि विडी संपेपर्यंत किंवा विड्या संपेपर्यंत बसायचं. माझा बाप तर झोपायचा. पण आज गळ्यात मशीन! मुलगा म्हणाला, थांबायचं कशाला, यात घराची खूण आहे की. त्यानं 'घर' काढलं. बाण आला. बाण सांगेल तसं हा बोलत गेला आणि म्हातारा, कधी नव्हे तो, मुलाचं ऐकत सुकाणू वळवत गेला.

मग म्हाताऱ्यानं एकदम इंजिन बंद केलं. मुलगा म्हणतो, मला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्याला येत होतं. कोणीतरी चूळ भरावी तसा आवाज, अगदी समोर. खडकावरचं पाणी. तिथेच नांगर टाकला आणि धुकं उठेपर्यंत दोघं बसून राहिले. धुकं उठलं तेव्हा बोटीच्या नाकाशी खडक होता.

हे सगळं मुलानं सांगितलं. म्हाताऱ्यानं काही सांगितलं नाही. आल्या आल्या मशीन गळ्यातून काढून घेतलं आणि नातीच्या खोक्यात बाहुलीशेजारी ठेवलं. म्हणाला, याला निजव.

मुलगा दोन दोनदा म्हणत होता, मशीन खोटं कसं बोलेल? नवीन आहे. उत्तर सुनेला सापडलं. कपडे काढायला मागे गेली आणि तिथूनच हाका मारायला लागली. मला दोरीखाली उभं केलं आणि समोर बोट केलं. दोन छपरांच्या मधून पाणी दिसतं, आणि पाण्यात नाकासमोर खडक. फट कुठल्या कुठे डावीकडे, कारखान्याच्या समोर. खूण आम्ही इथे केली होती ना! मग बाण इथेच येणार, सरळ, खडकावरून, भिंतीवरून, शेजारणीच्या कोबीवरून.

सून म्हणाली, "आज बोट दोरीवरच वाळत घालणार होता तुम्ही." आणि हसली. मग तिला कळलं आपण कशाला हसलो, आणि कपडे उचलून आत गेली. उशीत तोंड पुरून रडली असेल. मला ऐकू आलं नाही.

मशीनची चूक नाही. त्याला घर विचारलं, त्यानं घर दाखवलं. वाट विचारलीच नाही कोणी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मुलगा पुन्हा बापाच्या मागे. फटीची खूण हवी, चिमणी आहे तोवरच होईल, उद्याचा दिवस उरला. म्हातारा म्हणाला, फट मशीनला दाखवणार नाही. आणि जाळं घेऊन बाहेर जाऊन बसला.

मुलगा चुलीपाशी आला, माझ्याशेजारी बसला, लसूण सोलायला लागला. हा लसूण सोलतो म्हणजे घरात काहीतरी मेलेलं असतं.

मी म्हटलं, "हे मशीन तू तुझ्यासाठी घेतलेलं नाहीस."

सोलत राहिला.

म्हटलं, तुझ्यासाठी असतं तर काचेचं घेतलं असतंस. मोठं अक्षर, मोठा आवाज, जाड अंगठा. हे सगळं कोणाचं ते मला दिसत नाही का?

मग सांगितलं. लांबच्या मोठ्या बंदरात क्रेन चालवायचं काम मिळालंय. दिवसभराचा प्रवास आहे तिथपर्यंत. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला हजर व्हायचं. आधी तो जाणार, जागा मिळाली की सून आणि नात. सुनेला ठाऊक आहे. मला आत्ता सांगितलं. बाबांना सांगायचं राहिलंय.

म्हणाला, "आई, पाण्यावर मला भीती वाटते. लहानपणापासून. रोज वाटते."

मला हे ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं कधी. विचारायची गोष्ट नाही ती, बोट असलेल्या घरात.

म्हटलं, बाबांना कधी सांगणार?

"चिमणी पडल्यावर."

म्हटलं, म्हणजे दोन्ही एकदमच पाडणार.

लसूण गरजेपेक्षा जास्त सोलला. उद्याही पुरेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दोघे गेले, दोघे आले. म्हातारा म्हणाला, केली खूण. स्वतःच्या हातानं केली म्हणाला. मुलगा पुढे दोरी आवरत होता, पण बाबांच्या हातात मशीन बघितलं म्हणाला. दोघंही खूश दिसत होते. म्हणून मला संशय आला.

मशीन घेऊन अंगणात गेले, दोरीखाली. उघडून बघितलं. एकच खूण. 'घर'.

पुन्हा बघितलं. एकच.

मुलाला सांगितलं नाही. त्यानं आज बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

म्हाताऱ्याजवळ जाऊन म्हटलं, उद्या उजाडताच मी बोटीत येणार आहे. पोराला उठवायचं नाही. म्हणाला, तू कशाला? म्हटलं, बोट कोणाची?

२० नोव्हेंबर, बुधवार

गेलो. धुकं नव्हतं. चाळीस वर्षांत गुडघे बदलले, बोट तीच. बसायची जागासुद्धा ढुंगणाला आठवत होती.

खडकांच्या बाहेर गेलो आणि त्यानं बोट वळवली. तोंड गावाकडे. चिमणी दिसत होती, खालचा भाग पत्र्यांमागे, वर काळी. तिच्या उजवीकडे टाकी. आजूबाजूला कोणी नाही. विचारायला यापेक्षा बरी जागा कुठली?

म्हटलं, काल खूण का नाही केली?

इंजिन हळू केलं. म्हणाला, "तो जाणार आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दोरीखाली इतक्यांदा शिकवलं, एकदाही ओरडला नाही. निघालेला माणूसच असा गोड बोलतो."



मग म्हणाला, "फट मशीनमध्ये गेली की तो सुटला. नाही गेली तर बापाला खडकावर टाकून कसा जाईल?"

म्हणजे हे कारण होतं! फट नव्हे, पोरगा धरून ठेवला होता यानं. एवढा मोठा म्हातारा, आणि दार लावून पोराला घरात ठेवल्यासारखं.

मी म्हटलं, "जाणारच तो. नाही खूण केली तरी जाणार. मग मन खडकावर ठेवून जाईल, एवढंच. क्रेनवर बसून ते कसं चालेल?"

आणि म्हटलं, त्याला पाण्याची भीती वाटते. रोज वाटते.

म्हाताऱ्यानं सुकाणू दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाला, "मलाही वाटायची. भावाच्या नंतर." मग म्हणाला, "अजून वाटते."

या घरात सगळे घाबरून बोटीत जात होते आणि मी धक्क्यावर बसून उशीर का झाला म्हणून भांडत होते. असो.

त्यानं इंजिन वाढवलं. मी मशीन हातात धरलं, अंगठा बटणावर. टाकी उजवीकडे होती. मग चिमणीच्या कडेला चिकटली. मग अर्धी राहिली. मग नव्हती.

"आता," म्हणाला.

मी दाबलं. ठेवू का, विचारलं. होय म्हटलं. नाव मागत होतं, मी आकडाच राहू दिला. एक म्हणजे घर, दोन म्हणजे फट. लक्षात ठेवायला तेवढं पुरे. खात्री म्हणून पुन्हा बाहेर गेलो आणि या वेळी म्हाताऱ्याला म्हटलं, चिमणीकडे बघायचं नाही, पाण्याकडे बघा. मी बाण सांगत गेले, तो वळवत गेला. दोन्हीकडे खडक, मधून आम्ही. माझा बाप आता असता तर म्हणाला असता, एवढं बोलून कोण येतं आत!

धक्क्याला लागलो तेव्हा मुलगा उभा होता, अंगात कालचाच शर्ट, तोंड पांढरं. ओरडायला आला होता. मी मशीन दाखवलं. बघितलं त्यानं. दोन खुणा. मग बापाकडे बघितलं. बाप दोरी बांधत होता.

दुपारच्या आत चिमणी पाडली. मला वाटलं फार मोठा आवाज होईल. नाही झाला. खालून वाकली, बसल्यासारखी झाली, आणि मग धूळ. धूळ खाली बसल्यावर टाकी दिसली, उघडी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कसल्या ते त्यालाच माहीत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मुलानं बापाला सांगितलं. म्हातारा म्हणाला, मशीनला कुठले सेल लागतात ते दाखवून ठेव. एवढंच. मग दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, सेल आणायला. चार पावलांवर दुकान आहे, यायला किती वेळ लावला!

३० नोव्हेंबर, शनिवार

मुलगा गेला. बॅग हलकी होती, सारखा खांदा बदलत होता तरी. नात रडली, सून रडली नाही, मी डबा भरून दिला. म्हातारा निरोप द्यायला आला नाही. जाळं गुंतलंय म्हणे, सोडवत बसलोय.

नंतर धक्क्यावर जाऊन बघितलं. जाळं कोरडं होतं. एक गाठ नाही.

१ डिसेंबर, रविवार

म्हातारा एकटा गेला. लवकर आला, रिकामा. डाव्या बाजूला बोटीचा रंग खरवडलेला. विचारलं तर म्हणाला, बाणाकडे बघितलं तर पाणी सुटतं, पाण्याकडे बघितलं तर बाण. दोन माणसांचं काम आहे हे. दोन माणसांचंच होतं ते, मशीन आलं म्हणून एकाचं होत नाही.

माणूस ठेवावा तर खलाशी सगळे मोठ्या बोटींवर. आमच्या बोटीत, या म्हाताऱ्याची बोलणी खायला, कोण येतं? सून म्हणाली, मी जाऊ का? तिला झोपाळ्यावर मळमळतं. आणि ती किती दिवस आहे इथे?

म्हाताऱ्याला म्हटलं, मग विका बोट. म्हणाला, कागदावर नाव तुझं आहे, तू वीक.

भांडण नाही झालं. तेच वाईट.

२ डिसेंबर, सोमवार

म्हाताऱ्यानं सकाळी मशीनची दोरी सोडली आणि आखूड करून पुन्हा बांधली. माझ्या गळ्याच्या मापाची. विचारलं काही नाही, खिळ्याला अडकवली, टोपीशेजारी.

सुरी सुनेला दिली. उद्या उजाडताच निघायचं. खडकांच्या पलीकडे फोन लागत नाही, म्हणून घरातला फोन सुनेनंच उचलायचा. मुलगा विचारेल बाबांबरोबर कोण आहे, तर उत्तर तिनंच द्यायचं, खरं तेच द्यायचं. मला विचारायला थांबायचं नाही.